खाटेजवळ प्लग आहे का?

लिफ्टवाला घरी आला की आधी बूट काढायचा, मग खुर्चीत टेकायचा, आणि त्यानंतरचं काही त्याच्या हातात राहायचं नाही. समोर ताट यायचं, बायको दिवसभरातलं काहीतरी सांगत असायची, आणि "हं, हं" करता करता त्याची मान खाली जायची. घरात कुणाला आता त्याचं काही वाटत नव्हतं. शहरातल्या जुन्या-नव्या इमारतींच्या लिफ्ट तो दुरुस्त करायचा. लिफ्ट बंद पडते तेव्हाच लिफ्टवाल्याला बोलावतात, आणि तिचं मशीन असतं अगदी वर, गच्चीवरच्या खोलीत. त्यामुळे सगळ्या शहरात सगळ्यात जास्त जिने तोच चढत असावा. तुमचं बरं आहे, उभ्या जागी वर-खाली, असं लोक गमतीने म्हणायचे. तो नुसता हसायचा. उत्तर द्यायचं म्हटलं तरी जिवावर यायचं.

त्याची मुलगी सोळा वर्षांची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागले, आणि आता ती दार लावून तासन्तास खोलीत बसायची तरी ते नाव सुटलं नव्हतं. लवकरच ती शिकायला दुसऱ्या शहरात जाणार होती. एका रविवारी सकाळी बाप खाली मोटारसायकल पुसत असताना ती आली, सीटवर आडवी बसली आणि पाय हलवत म्हणाली, "बाबा, सुट्टीत आपण दोघं या गाडीवरून देश ओलांडू या का? या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत."

गाडी लग्नाआधीची होती. तिच्यावर पूर्वी तो खूप हिंडला होता. आता ती कामावर न्यायची आणि कामावरून आणायची, एवढंच. मुलीने असं काही मागायची ही पहिलीच वेळ. एरवी ती त्याच्याकडे फारसं काही मागत नसे, कारण काही बोलायला सुरुवात करावी तर त्याचा फोन वाजायचा आणि कुठल्या तरी इमारतीत कुणीतरी अडकलेलं असायचं. खरं तर या बेताचा नीट विचार करायला हवा होता. पण विचार करायचाही त्याला कंटाळा आला होता, म्हणून तो म्हणाला, "जाऊ या की."

भिंगरीने ते मनावर घेतलं. फोनवर सगळं दिसत असताना तिने मुद्दाम कागदाचा मोठा नकाशा आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. टेबल पुरेना, म्हणून एक टोक आईच्या मांडीवर आलं. रस्ते तिने शोधायचे, आणि जुन्या इंजिनाला दिवसाकाठी किती पळवायचं, टायर कधी बदलायचे, पेट्रोलचं काय, हे त्याने सांगायचं, असं ठरलं. पहिल्या संध्याकाळी तो उत्साहाने बोलला. कडेला वाळू असेल तर ब्रेक कसा मारायचा ते त्याने बशी आणि चमचा घेऊन दाखवलं. बायको म्हणाली, बशी फुटली तर प्रवास इथेच संपेल. तिघंही हसली. मग भिंगरी मधल्या पठाराबद्दल विचारत राहिली आणि बापाकडून उत्तर येईना. तो नकाशावरच डोकं टेकून झोपला होता. उठवलं तेव्हा पठारावर लाळेचा ओला डाग पडलेला. "तिथे आता तळं झालंय," भिंगरी म्हणाली आणि तिने तो रुमालाने टिपला.

पुढच्या रविवारी हेच झालं, त्याच्या पुढच्याही. तंबू न्यायचा की लॉजवर राहायचं यावर ती बोलत असताना तो डोळे उघडे ठेवूनच कुठेतरी निघून जायचा. ती चिडून नकाशाची घडी घालायची, आणि कागदाचा नकाशा एकदा उघडला की पूर्वीसारखा मिटत नाही, त्याचा राग वेगळा. बाबाला यायचंच नाहीये, उगाच हो म्हणालाय, असं तिने आईला सांगितलं. आईने समजूत घातली. तो दमतो. तो तुझ्या जन्माच्या आधीपासून दमलेला आहे. मी ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस स्वतःच्या लग्नातही जांभया देत होता.

त्याच्या झोपेची चेष्टा हा घरातला आवडता विषय होता. त्याच्या घोरण्यापायी बायकोने आपलं अंथरूण मुलीच्या खोलीत हलवलं होतं, त्यालाही बराच काळ झाला होता. तुमच्याकडे रोज कपाटं सरकवता का, असं खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलं होतं, आणि ती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगून झाली होती. लिफ्टवाला स्वतःही ती रंगवून सांगायचा. जो माणूस एवढा घोरतो तो गाढ झोपत असणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

सुट्टी जवळ आली तसं, एकदा सामान लादून गाडी चालवून बघू या, असं त्यानेच सुचवलं. शहराबाहेरच्या मोठ्या तलावापर्यंत जायचं आणि यायचं. पिशव्यांत विटा भरल्या, दोघांनी हेल्मेट घातली आणि निघाले. जाताना सगळं मजेत झालं. भिंगरी मागून ओरडून काहीबाही सांगत होती, तो वाऱ्यात ऐकू आलं नाही तरी मान हलवत होता. तलावाकाठी त्यांनी अंडी आणि पाव खाल्ला. परतताना ऊन कलायला लागलं होतं. रस्ता सरळ, मोकळा, दोन्ही बाजूंना शेतं, इंजिनाचा एकसुरी आवाज. भिंगरीचे हात बापाच्या कमरेला होते. तिला जाणवलं, की त्याची पाठ सैल पडतेय. आधी तिला वाटलं तो रेलतोय. मग गाडी हळूहळू, अगदी सावकाश, रस्त्याच्या कडेकडे सरकायला लागली. पुढचं चाक खडीवर गेलं, खडे उडून पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला, तेव्हा तिने सगळ्या ताकदीने त्याच्या कमरेला चिमटा घेतला. त्याने दचकून हँडल ओढलं. गाडी डचमळली आणि परत रस्त्यावर आली.

पुढे जाऊन त्याने गाडी थांबवली. "खड्डा होता," तो म्हणाला.

मागे खड्डा नव्हता. उरलेला सगळा रस्ता भिंगरी त्याच्या पाठीवर बोटांनी टकटक करत राहिली. कसला ताल धरलाय, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, असंच.

त्यानंतर बेत आकसायला लागला. आधी तिने पलीकडचा समुद्र काढून टाकला. तिथे बघण्यासारखं काही नाही म्हणे. मग पठार काढलं. मग म्हणाली, आपण तलावाच्या जरा पुढे जाऊन एक दिवस राहून येऊ, बास झालं. लिफ्टवाल्याला कारण कळेना. जोडीला काम करणाऱ्या मिस्त्रीला त्याने एकदा मशीनच्या खोलीत ग्रीस लावता लावता हे सांगितलं. मिस्त्रीला स्वतःच्या तीन मुली होत्या. त्याने अनुभवाचा निकाल दिला: या वयात मुलींना बापाची लाज वाटते, चारचौघींत सांगायला बरं वाटत नाही की सुट्टीत बापाच्या मागे बसून हिंडले. लिफ्टवाल्याला ते पटलं. त्याला वाईटही वाटलं, आणि हातातल्या चिंधीची तो उगाच पुन्हा पुन्हा घडी करत राहिला.

शेवटी एका संध्याकाळी भिंगरीने सांगून टाकलं, की सुट्टीत तिचा कसलासा वर्ग आहे, त्यामुळे प्रवास रद्द. हे ऐकून लिफ्टवाल्याला आधी काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. आता उठायला नको, बांधाबांध करायला नको, सुट्टीभर झोपता येईल. मग लगेच त्या सुटल्यासारख्या वाटण्याचीच त्याला शरम वाटली, आणि ती झाकायला तो लागट बोलला. "सरळ सांग ना, बापाबरोबर जायची लाज वाटते. वर्गाचं निमित्त कशाला?"

भिंगरीने ताट सरकवलं. "लाज नाही, भीती वाटते," ती म्हणाली. "बाबा, तू गाडीवर झोपला होतास."

"खड्डा होता, सांगितलं ना."

"नव्हता. तू झोपलास आणि मी मागे होते. मी टकटक करत होते ती तू परत झोपू नयेस म्हणून."

बायको हातातला चमचा तसाच धरून राहिली. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लिफ्टवाल्याचा पारा चढला. इतकी वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही, असं काहीतरी तो बोलला, आणि जेवण अर्धवट टाकून उठला. खोलीत जाऊन तो पलंगावर बसला. भांडणाचे शब्द अजून डोक्यात होते, रागाने कानशिलं तापलेली होती, आणि तरीही बसल्या बसल्या त्याला झोप लागली. ही झोप त्याला त्या दिवशी खरोखर खटकली. एवढ्या संतापात माणसाला झोप येते कशी, असं जाग आल्यावर त्याने स्वतःलाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. दुपारी बायको ओट्याशी कांदा चिरत होती, तो टेबलाशी बसला होता. भिंगरी आली आणि तिने फोन टेबलावर ठेवला. तलावाहून आल्यावर तिने आणखी एक गोष्ट केली होती. बाबा एवढा झोपतो तर दिवसा इतका पेंगतो का, हे तिला कळत नव्हतं, म्हणून झोपायच्या वेळी तिने फोन त्याच्या उशाशी ठेवला होता. "ऐका," ती म्हणाली.

सुरुवातीला नेहमीचं घोरणं होतं. बायको हसली आणि म्हणाली, सरकलं कपाट. घोरणं चढत गेलं, चढत गेलं, आणि मध्येच तुटलं. काहीच ऐकू येईना. लिफ्टवाल्याला वाटलं फोन बंद पडला. त्याने हात पुढे केला, तेव्हा भिंगरीने मान हलवून त्याला थांबवलं. फोन चालूच होता. मागे घड्याळाची टिकटिक येत होती. बायकोची सुरी कांद्यात अर्ध्यावर थांबली. मग बुडणारं माणूस पाण्याबाहेर तोंड काढतं तसा एक मोठा, ओरबाडलेला श्वास ऐकू आला, आणि घोरणं परत सुरू झालं. थोड्या वेळाने परत तुटलं.

"हा मी?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"सबंध वेळ असंच आहे," भिंगरी म्हणाली. "मी मध्ये मध्ये सोडून ऐकलं. सगळीकडे असंच."

बायको हात न धुताच खुर्चीवर येऊन बसली. तिचे डोळे कांद्याने आधीच पाणावलेले होते, त्यामुळे ती रडतेय की नाही ते कळेना. "मी दार लावून घ्यायचे," ती एवढंच म्हणाली. मग तिने आजारी माणसाला विचारावं तसं हळू विचारलं, की रोज सकाळी डोकं दुखतं म्हणतोस ते यामुळेच का? त्याला माहीत नव्हतं. सगळ्यांचंच डोकं सकाळी दुखतं असं त्याला वाटत आलं होतं.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि भराभर प्रश्न विचारायच्या. गाडी चालवताना डुलकी लागते का, या प्रश्नावर लिफ्टवाला नाही म्हणाला. मग त्याच्या एका बाजूला बसलेल्या बायकोने त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्या बाजूला बसलेल्या मुलीने बघितलं, आणि तो म्हणाला, "एकदा." जरा थांबून म्हणाला, "मला माहीत आहे अशी एकदा."

अंगाला वायरी लावून झोपवून त्याची तपासणी झाली. बाईंनी सांगितलं ते सरळ होतं. झोपेत त्याचा घसा मिटतो, श्वास अडतो, जीव घाबरा होऊन शरीर जागं होतं, आणि हे उजाडेपर्यंत चालतं. "तुम्ही झोपता असं तुम्हाला वाटतं," बाई म्हणाल्या. "खरं म्हणजे कित्येक वर्षांत तुम्ही नीट झोपलेला नाही." त्यावर एक छोटं यंत्र होतं, नाकावर मुखवटा लावून हवा आत ढकलणारं. रोज ते लावून झोपायचं. आणि नीट फरक पडेपर्यंत गाडी नाही, उंचावरचं काम नाही.

आळशी, झोपाळू, कशात लक्ष नसलेला, असं आजवर त्याला जे जे म्हटलं गेलं होतं, ते बाहेर येताना त्याच्या मनात येऊन गेलं. राग येईल असं त्याला वाटलं, पण आला नाही. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, जरा टेकतो.

पुढचे महिने रटाळ गेले. ऑफिसने त्याला लिफ्टवरून काढून तक्रारींच्या फोनवर बसवलं. माणूस पाठवलाय, निघालाय, रस्त्यात आहे, हे वाक्य तो दिवसभर म्हणायचा. पूर्वी फोनवरच्या माणसाला तो स्वतः शिव्या घालायचा. आता मिस्त्री त्याला घालायचा, अर्थात प्रेमाने. मुखवट्याचं आणि त्याचं जमेना. गालांवर वळ उठायचे, नाक कोरडं पडायचं, आणि सकाळी यंत्र पलंगाखाली सापडायचं. बायको आपलं अंथरूण घेऊन परत त्याच्या खोलीत आली होती. ती मुखवटा शोधून त्याच्या तोंडावर परत बसवायची, लहान मुलाला टोपी घालावी तशी. यंत्राचा आवाज कुणीतरी टायरमधली हवा हळूच सोडत बसलंय असा यायचा. बायकोला तो चालायचा. भिंगरीची सुट्टी अशीच सरली, आणि ती सामान घेऊन दुसऱ्या शहरात गेली.

फरक कधी पडला ते नेमकं सांगता येणार नाही. एका संध्याकाळी बायको तिच्या मैत्रिणीच्या नणंदेची कुठलीशी लांबलचक हकिकत सांगत होती, आणि लिफ्टवाल्याच्या लक्षात आलं, की आपण ती शेवटपर्यंत ऐकली. हकिकत फारशी बरी नव्हती. पण पुढे काय झालं, असं त्याने विचारलं, आणि बायको सांगायची थांबून त्याच्याकडे बघतच राहिली. थकवा पुरता गेला नव्हता. इतक्या वर्षांचा थकवा असा पिशवी उचलून निघून जात नाही. पण त्याच्या खाली जमीन लागली होती.

पुढच्या मोठ्या सुट्टीच्या आधी डॉक्टर बाईंनी गाडीला परवानगी दिली. दुपारी थांबून आडवं व्हायचं, आणि यंत्राशिवाय एकही मुक्काम करायचा नाही, या अटींवर. लिफ्टवाल्याने मुलीला फोन केला. तिला वेळ असेल का, तिला अजून यायचं असेल का, हे विचारायला तो चाचरत होता. भिंगरीचा आवाज ओढलेला होता. वसतिगृह, अभ्यास, परीक्षा. ती म्हणाली, मला आता कळतंय बाबा, दमणं म्हणजे काय. मग म्हणाली, यायचंय.

नकाशा नव्याने आखायला लागला, या वेळी फोनवरून. तंबूचा प्रश्नच मिटला, कारण तंबूत वीज नसते. रस्त्यावरच्या एकेका लॉजला भिंगरी फोन करायची आणि विचारायची, "खाटेजवळ प्लग आहे का?" लोकांना वाटायचं मोबाइलसाठी हवाय. एका लॉजवाल्याने, मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून देतो, म्हणून सांगितलं; दुसरा म्हणाला, प्लग व्हरांड्यात आहे, खाट तिथे आणू. एकाने, खोली एका माणसाची की दोघांची, असं विचारलं, आणि ती म्हणाली, दोघांची आणि एका मशीनची. जिथे वीज सारखी जायची ती गावं वगळली, त्यामुळे रस्ता उगाच वळणं घेत जायला लागला. पलीकडचा समुद्र या सुट्टीत बसत नव्हता. मधल्या पठारापर्यंत जायचं आणि आगगाडीत गाडी चढवून परतायचं, असं ठरलं. यंत्राने गाडीची एका बाजूची पिशवी पूर्ण खाल्ली. भिंगरीला जाडा कोट आणि बुटांचा दुसरा जोड मागे ठेवावा लागला. ती कुरकुरली, पण काढून ठेवला.

निघताना बायको खाली आली होती. तिला रजा नव्हती आणि मोटारसायकलवर बसायची हौसही नव्हती. तिने पिशवीचा पट्टा ओढून बघितला, मुखवट्याची जादा नळी घेतली का ते विचारलं, आणि रोज पोचल्यावर कळवा, एवढं सांगून वर गेली.

पहिल्या दिवशी दुपारी रस्त्याकडेला एक मोठं झाड बघून त्याने गाडी थांबवली. त्याला झोप आली नव्हती, पण अट ती अट. चादर अंथरून तो आडवा झाला. भिंगरी शेजारी बसून बाटलीतलं पाणी पीत होती आणि पुढच्या गावाबद्दल काहीतरी सांगत होती. बोलता बोलता तिचे शब्द लांबायला लागले, मध्ये अंतर पडायला लागलं. त्याने मान वळवून बघितलं. हेल्मेटवर डोकं टेकून ती झोपली होती, बाटली हातातच, झाकण उघडं.

त्याने बाटली काढून घेतली आणि झाकण लावलं. चादरीचं एक टोक तिच्या अंगावर ओढलं. मग तो उठला, गाडीची चेन बोटाने दाबून बघितली, जरा सैल वाटली म्हणून पाना काढून ती घट्ट केली. रस्त्यावरून एखादा ट्रक जायचा. ऊन सरकून तिच्या पायांवर आलं, तेव्हा त्याने गाडी थोडी पुढे ढकलून सावली केली. अशाने अंधाराच्या आत पुढचं गाव गाठता येणार नाही हे त्याला दिसत होतं. त्याने लॉजवाल्याला फोन करून सांगितलं, की आम्हाला उशीर होईल, आणि झाडाच्या बुंध्याला टेकून बसला.